मनाचा आजार, त्याचं निदान आणि उपचार : बेळगाव सीमाभागातल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि गेली 19 वर्षं मी त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसत आले आहे. त्या बाकावरच खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसांशी ओळखी झाल्या. पुढं त्यांनी आपल्या भावकीत, गल्लीत माझा नंबर दिला. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र लिहिते आहे. कोणतं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. तिथपर्यंत पोचायचं कसं आणि पोचल्यावर बोलायचं काय, हे मात्र मी सांगू शकते.

मनाचा आजार म्हणजे खूळ लागणंच ना?

नाही. आपल्याकडं 'खुळं झालंय' म्हटलं की सगळं त्यात आलं. प्रत्यक्षात हे वेगवेगळे आजार आहेत. डिप्रेशनमध्ये माणूस विझल्यासारखा होतो, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. चिंतेच्या आजारात छाती धडधडते, हातपाय गार पडतात. ओसीडीत, म्हणजे तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, हात धुऊन धुऊन सालटं निघतात, तरी समाधान होत नाही. बायपोलरमध्ये काही आठवडे माणूस राजासारखा वागतो, झोपत नाही, पैसे उधळतो आणि नंतर तोच अंथरुणातून उठत नाही. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, लोक आपल्या वाईटावर आहेत असं ठाम वाटतं. दारूचं व्यसन आणि म्हातारपणचा डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, हेही याच डॉक्टरांकडं येतात.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली, तेव्हा मोठ्या माणसांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनाचा आजार होता. म्हणजे शंभर माणसांच्या पंगतीत दहा. त्यातले बहुतेक उपचाराविना होते.

नुसतं टेन्शन आहे की आजार, हे घरच्यांनी कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा: किती दिवस चाललंय, रोजच्या कामावर परिणाम झालाय का, आणि हे माणूस पूर्वी असं होतं का. उसाचं बिल थकलं म्हणून चार दिवस झोप उडाली, तर ती काळजी. बिल आलं, कर्ज फिटलं, तरी माणूस शेताकडं फिरकत नाही, अंघोळ करत नाही, नातवंड मांडीवर आलं तरी चेहरा हलत नाही आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर दाखवायला हवं.

काही गोष्टींसाठी दोन आठवडेही थांबू नका. कुणी दिसत नसताना बोलणं, जेवणात विष घातलंय म्हणून ताट सारणं, सलग तीन-चार रात्री न झोपता जोशात असणं, मरणाचं बोलणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. मरणाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी.

आधी बाहेरचं बघून घेऊ का? देवाचं काही राहिलं असेल तर?

या प्रश्नाला मी मोठ्या मनानं उत्तर देते, कारण आम्हीही तेच केलं. भाऊ 22 वर्षांचा होता, उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, कामाला जात होता. एक दिवस म्हणाला, मशीन माझ्याशी बोलतंय. आम्ही देवऋषी केला, उतारे केले, गंडेदोरे बांधले, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर दोनदा जाऊन आलो. दोन वर्षं त्यात गेली. त्या दोन वर्षांत आवाज वाढत गेले आणि त्याचं काम सुटलं. आजार जितका काळ उपचाराविना राहतो, तितका तो मागं हटवायला जड जातो, हे आम्हाला नंतर कळलं.

देवावरच्या श्रद्धेनं आजार होत नाही आणि देवाला जाऊ नका असंही मी कधी सांगत नाही. जत्रेत, पालखीपुढं एखादीच्या अंगात येतं, थोड्या वेळानं ती भानावर येते आणि घरी जाऊन भाकऱ्या थापते, त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण केस विंचरायचे बंद झाले, अंघोळ सुटली, जट झाली की आपल्याकडं लगेच 'देवीचं बोलावणं आलं' म्हणतात. तिथं थांबून विचारा: हिनं केस विंचरायचं का सोडलं? बऱ्याचदा त्या जटेखाली महिनोन्महिन्यांचा आजार असतो.

देवाला जा, पण गोळी घेऊन जा. कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या, मिरचीची धुरी दिली, मारलं, बांधून ठेवलं, तर तिथून उठा. कर्नाटकात अमानुष अनिष्ट प्रथा आणि काळ्या जादूविरुद्धचा कायदा 2020 पासून लागू आहे, महाराष्ट्रात तसा कायदा 2013 पासून आहे. तमिळनाडूत एरवाडी इथं 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्या 28 मनोरुग्णांना पळताच आलं नाही. साखळीची गोष्ट निघाली की मला ते आठवतं.

रक्त तपासून किंवा डोक्याचा स्कॅन काढून निदान होतं का?

डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांपैकी कशाचंही निदान रक्तातून किंवा स्कॅनमधून होत नाही. डॉक्टर बोलतात, ऐकतात, माणसाकडं बघतात, घरच्यांना विचारतात. लक्षणं कोणती, केव्हापासून, एकत्र कशी येतात, हे ठरलेल्या निकषांशी ताडून बघतात. त्यासाठी जगभर आयसीडी आणि डीएसएम ही वर्गीकरणं वापरतात. म्हणून लोक नाराज होतात : 'डॉक्टरांनी काही तपासलंच नाही, नुसतं बोलले.' त्या बोलण्यातच तपासणी होते. तुम्ही जे सांगता तोच तुमचा रिपोर्ट.

तरीही रक्ततपासणी सांगितली तर टाळू नका. थायरॉइड बिघडला, बी-12 कमी पडलं, रक्त कमी असलं की उदासी, धडधड, विसराळूपणा दिसतो. ते आधी बाजूला काढावं लागतं. पहिलाच झटका उतारवयात आला, फिट आली किंवा डोक्याला मार बसलेला असला, तर स्कॅनही सांगतात.

आमच्या आईला लिहिता-वाचता फारसं यायचं नाही. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. भाऊ झोपला त्या तारखेवर कुंकवाचं बोट, जागा राहिला त्या तारखेवर काजळाचं. तीन महिन्यांनी ती पानं घडी करून पिशवीतून नेली. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली आणि बराच वेळ बघत राहिले. गोळ्या सुटल्या त्या आठवड्यानंतर काळी बोटं एकाला एक लागून आली होती. आम्ही तोवर 'अधूनमधून झोपत नाही' एवढंच सांगत होतो.

डॉक्टर कन्नड बोलतात, आम्हाला नीट येत नाही. सांगायचं कसं?

निदानच बोलण्यातून होतं, म्हणून आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. मोडलेलं हाड कुठल्याही भाषेत एक्स-रेवर दिसतं. मनाचं तसं नाही.

एकदा माझ्या शेजारी जांबोटीकडची एक मावशी बसली होती. साठीची, हातात कापडी पिशवी, बरोबर कुणी नाही. मला थोडं कन्नड येतं हे कळल्यावर तिनं मला आत नेलं. ती म्हणाली, 'जीव घाबरा होऊलालाय बघा, रात्री उठून बसतो मी.' मी तोंड उघडायच्या आत दाराशी उभ्या माणसानं भाषांतर करून टाकलं, 'हेदरिके.' म्हणजे भीती. डॉक्टरांनी विचारलं, कशाची भीती वाटते? मावशी गोंधळली. 'मी कुणाला भ्यायची? मला भ्या नाही.' कागदावर भीती लिहिली जात होती आणि तिचं दुखणं वेगळंच होतं. मग मी एकेक विचारत गेले. श्वास अपुरा पडतो, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, वजनही उतरलंय. हे सगळं कन्नडमध्ये सांगितल्यावर डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, मग थायरॉइड तपासायला सांगितलं. दोष थायरॉइडमध्ये सापडला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचलं, त्यावर ते चालले होते.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते : 'टेन्शन', 'डिप्रेशन' हे शब्द वापरू नका. शरीरात आणि दिवसात काय घडतं ते सांगा. 'मन लागत नाही' यापेक्षा 'दोन महिने झाले, गोठ्यात जात नाही, धार शेजारीण काढते' हे भाषांतरात टिकतं. 'डोक्यात कालवतंय' म्हटलं तर चक्कर समजतील. विचार थांबत नाहीत म्हणायचं असेल तर तसंच म्हणा. 'कानात बोलतंय' असेल तर किती जण बोलतात, काय बोलतात, काही करायला सांगतात का, तेही.

दुभाषी नीट निवडा. लहान मुलाला आईचं दुखणं भाषांतर करायला लावू नका. नवऱ्याविषयी काही सांगायचं असेल तर नवरा दुभाषी नको, सासूही नको. नर्सबाईंमध्ये, आशाताईंमध्ये, औषध देणाऱ्यांमध्ये मराठी जाणणारं कुणीतरी बहुतेक असतंच, विचारा. हिंदीवर भागवता येतं, पण दोघांचीही हिंदी तोकडी असेल तर बारकावे गळतात.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे : आजार काय आहे आणि उपचार काय ठरवलाय, ही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. कलम 22. सीमाप्रश्नावर आपलं मत काहीही असो, ओपीडीत हा हक्क शांतपणे मागा. मला आजवर कन्नड बोलणाऱ्या कितीतरी माणसांनी मदत केली आहे, आणि मीही कन्नड घरांसाठी मराठी डॉक्टरांपुढं बोलले आहे.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावं?

पूर्वीच्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा, आयुर्वेदिक किंवा गावठी औषध चालू असेल तर तेही. आणि रोज त्याच्याबरोबर राहणारं माणूस. लांबचा शिकलेला पुतण्या नको, त्याला रात्री काय होतं ते माहीत नसतं. रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून जा. हे सांगायला लाज वाटते, तरी सांगा. औषध निवडताना त्याचा उपयोग होतो.

कुठं दाखवायचं?

बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. केएलईच्या मोठ्या रुग्णालयातही आहे. खाजगी मानसोपचारतज्ज्ञ शहरात आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ येतात. कर्नाटकात त्यासाठी मंगळवारची ओपीडी ठेवायची पद्धत आहे, पण निघण्याआधी फोन करून वार विचारून घ्या, नाहीतर कणकुंबीहून येऊन हात हलवत परत जावं लागतं. हा जिल्हा कार्यक्रम मुळात निम्हान्सनं आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात 1980 च्या दशकात करून दाखवला आणि 1996 पासून तो देशात सुरू झाला.

आजार गुंतागुंतीचा असेल, भरती लागणार असेल तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. हायवेनं बेळगावहून दीड-दोन तास. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही विभाग आहे. खानापूरकडचे काही जण गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात जातात. फक्त एका राज्याचं योजनेचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालेल असं धरून जाऊ नका.

घरातून निघणंच शक्य नसेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर लावा. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं तो सुरू केला. 24 तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि फोन लागल्यावर भाषा निवडता येते, मराठीसुद्धा.

सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांत फरक काय?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढं शिकलेले डॉक्टर; औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. न्यूरोलॉजिस्ट मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर : फिट, लकवा, पार्किन्सन वगैरे. कुणाकडं जावं कळत नसेल तर आधी सायकियाट्रिस्टकडं जा, पुढची वाट ते दाखवतील.

दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली. कुणाचं खरं मानायचं?

दोघंही आपापल्या वेळी बरोबर असू शकतात. बायपोलरचा माणूस उदास असताना आला तर तो डिप्रेशनसारखाच दिसतो. मागं कधी जोशाचे दिवस येऊन गेलेत हे कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं? आणि हे सांगितलं नाही तर नुकसान होतं, कारण अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर कधीकधी तो जोशाकडं फेकला जातो. पहिल्या झटक्यात आजाराचं रूप पुरतं दिसत नाही, काळ जातो तसं निदान पक्कं होतं. दर महिन्याला डॉक्टर बदलले तर ते कधीच पक्कं होत नाही.

गोळ्यांची सवय लागते का? आयुष्यभर घ्याव्या लागतात?

लोक सगळ्यांनाच 'झोपेच्या गोळ्या' म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो. डिप्रेशनच्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या, दारूसारखी चटक लावत नाहीत. एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते, म्हणून त्या हळूहळू उतरवायच्या असतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गटाची. त्या थोड्या दिवसांसाठी दिलेल्या असतात आणि लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहतात. तसं चालू असेल तर तेही एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना खरं सांगा.

डिप्रेशनची गोळी पहिल्या दिवसापासून काम करत नाही. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसू लागतो, पुरता यायला सहा-आठ आठवडे. आणि मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. म्हणून कितीतरी लोक दहाव्या दिवशी गोळ्या टाकून देतात. हे आधी माहीत असलं तर माणूस तग धरतो. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवा, बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार बोलू लागला तर लगेच कळवा.

बरं वाटल्यावरही पहिल्या डिप्रेशनला साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा आलं तर जास्त. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाला बऱ्याच जणांना कितीतरी वर्षं लागते. बीपीची गोळी आयुष्यभर घेणाऱ्या काकांना आपण काही म्हणत नाही.

गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, हात थरथरतात. बंद करू?

स्वतःहून नको. भावाचा हात इतका थरथरायचा की चहा बशीत सांडायचा. तो पाहुण्यांपुढं चहाच घेईना. आम्ही चार महिने गप्प बसलो, कारण वाटलं, आजारच आहे. सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस बदलला, एक साधी गोळी जोडली आणि तीन आठवड्यांत कप हातात राहायला लागला. पुरुषांना शरीरसंबंधाचे त्रास होतात, बायकांची पाळी चुकते, हेही सांगा. बदलायला दुसरं औषध असतं. वजन, साखर आणि चरबी मधूनमधून तपासून घ्या.

लिथियम चालू असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे औषध रक्तात ठरावीक पातळीतच चांगलं, त्यामुळं ती पातळी, किडनी आणि थायरॉइड तपासावं लागतं. ऊसतोडीत, मे महिन्याच्या कामात घाम गाळून पाणी कमी प्यालं, जुलाब-उलट्या झाल्या, किंवा अंग दुखतं म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं, की पातळी चढते. बोबडं बोलणं, झोकांड्या, मोठी थरथर दिसली तर लगेच दवाखाना गाठा. पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच.

नुसतं बोलून बरं होतं का?

सौम्य डिप्रेशन, चिंता, ओसीडी यांत समुपदेशनानं, विशेषतः विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी नावाच्या पद्धतीनं, चांगला गुण येतो. ते शिकलेल्या माणसाकडून ठरलेल्या बैठकांमध्ये करायचं असतं. स्किझोफ्रेनियात, बायपोलरमध्ये औषध लागतंच, बोलणं त्याच्या जोडीला. आणि 'पॉझिटिव्ह विचार कर' हे समुपदेशन नव्हे. ते ऐकून माणूस आणखी गप्प होतो.

शॉक देतात ते भयानक असतं का?

सिनेमात दाखवतात तसं नसतं. इसीटी, म्हणजे हे शॉक, भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात; 2017 च्या कायद्यानं याशिवाय ते देताच येत नाही, आणि 18 वर्षांखालच्यांना त्या कायद्यानं नेमलेल्या मानसिक आरोग्य मंडळाच्या परवानगीशिवाय देता येत नाही. ज्यानं अन्नपाणी सोडलंय, जो दगडासारखा निश्चल झालाय, ज्याचा मरणाचा ध्यास सुटत नाही, त्याचा जीव यानं वाचतो. त्या काळातल्या आठवणी पुसट होतात, हा तोटा आहे आणि तो आधी विचारून घ्या.

दारू एका दिवसात सोडवता येते का? देवाची माळ घातली की सुटते म्हणतात.

माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्या निग्रहाला माझा नमस्कार आहे. पण रोज, सकाळपासून पिणाऱ्यानं एका दिवसात तोडली तर जिवावर बेततं. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम येतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ओळख पटत नाही. घरचे याला बाधा समजतात आणि नेमके ते तास वाया जातात. अशा माणसाची दारू दवाखान्यात, औषधांच्या आधारानं सोडवा. ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, त्यांना आवर्जून देतात. गोव्याची स्वस्त दारू आपल्या भागात सहज पोचते, त्यामुळं हा प्रश्न घराघरांत आहे आणि तो मनाचाच आजार म्हणून दाखवायचा आहे.

तो दवाखान्याला यायलाच तयार नाही. जबरदस्तीनं नेता येतं का?

आधी भांडण टाळा. 'तुला वेड लागलंय, चल' म्हटलं की दार बंद होतं. 'झोप लागत नाही ना, तेवढं दाखवू' यानं बऱ्याचदा माणूस निघतो, कारण झोपेचा त्रास त्यालाही होत असतो. खोटं मात्र सांगू नका. देवळाला म्हणून दवाखान्यात नेलं तर तो पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. जेवणात गुपचूप गोळी मिसळू नका. त्याला आधीच विषाची शंका आहे, ती खरी ठरते.

तो एकटा घराबाहेर पडत नसेल तर घरचं माणूस आधी जाऊन डॉक्टरांशी बोलू शकतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, ठरलेली तपासणी करून, त्याच्या इच्छेविना 30 दिवसांपर्यंत भरती करता येतं. प्रतिनिधी नेमलेला नसेल तर कायदा तो कुणी असावा हेही सांगतो. बहुधा घरातलंच जवळचं माणूस. तो बरा असताना पुढं कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे त्याच्याकडून लिहून घेता येतं.

मरणाचं बोलतो. विचारलं तर डोक्यात भरेल ना?

विचारल्यानं डोक्यात भरत नाही. सरळ विचारा : 'जीव द्यावासा वाटतो का?' 'कसा द्यायचा ठरवलंय का?' बऱ्याच जणांना कुणी विचारलं याचंच हलकं वाटतं. बेत ठरलेला असेल तर एकटं सोडू नका. शेतकरी घरात कीटकनाशकाची बाटली माळ्यावर किंवा गोठ्यात असते. ती आजच कुलपात घाला किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. गोळ्यांचा डबाही स्वतःजवळ ठेवा. ती टोकाची वेळ थोड्या काळाची असते, त्या काळात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो.

विष घेतलंच तर मीठपाणी पाजून उलट्या काढत बसू नका. बाटली बरोबर घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, 108 ला फोन करा. पोलीस केसच्या भीतीनं लपवू नका. 2017 च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 प्रमाणं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

लग्न करून दिलं की सुधारेल, असं सगळे म्हणतात.

सुधारत नाही. नवं घर, जागरणं, अपेक्षा यांनी आजार उलटू शकतो, आणि लपवून केलेल्या लग्नात परक्याच्या लेकीचं किंवा लेकाचं आयुष्य अडकतं. मुलगी असेल तर सासरी चोरून गोळ्या घेता येत नाहीत, त्या सुटतात, आणि सहा महिन्यांत ती माहेरी परत येते. असे फोन मला दरवर्षी येतात. आजार आटोक्यात असेल, दोन्हीकडच्यांना खरं सांगितलं असेल, तर लग्न जरूर व्हावं, अशी सुखाची घरं मला माहीत आहेत. मुलांना होईल का म्हणाल, तर स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात साधारण दहांना. म्हणजे नव्वदांना होत नाही.

बाळंतीण रडते, बाळाला घेत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत थोडं रडू येणं सर्रास असतं. त्यापुढं चाललं तर बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, त्यावर दूध पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत. ती झोपतच नाही, असंबद्ध बोलते, बाळाविषयी भलतंच काही म्हणते, तर पाचवी-बारशाची वाट न बघता त्याच दिवशी न्या आणि बाळाजवळ दुसरं कुणीतरी असू द्या.

पैशाची सोय काही आहे का?

सरकारी दवाखान्यात नेहमीची औषधं मोफत किंवा अगदी थोडक्यात मिळतात. आजारामुळं काम होतच नसेल तर अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं की यूडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, पेन्शनसारख्या सोयींसाठी अर्ज करता येतो. विमा कंपन्यांनाही शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचा विमा देणं कायद्यानं भाग आहे.

तो पहिल्यासारखा होईल का?

डिप्रेशन आणि चिंतेची बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात, कामाला लागतात. बायपोलरची माणसं औषधावर वर्षानुवर्षं नीट राहतात. स्किझोफ्रेनियात काही जण पुरते सावरतात, बरेच जण थोडं कमीजास्त घेऊन जगतात, आणि काहींना कायम आधार लागतो. सुरुवातीलाच कुणी खात्री देऊ शकत नाही.

माझ्या भावाला उद्यमबागेतलं काम पुन्हा जमलं नाही, मशीनचा आवाज त्याला सोसत नाही. आता तो सकाळचे चार तास एका रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरतो. आवाज अजून येतात. 'बारीक झालेत' म्हणतो. महिन्यातून एकदा औषधाला गेलो की डॉक्टरांशी तो स्वतःच बोलतो, मराठीत, आणि अडलं तर कन्नडमध्ये. मी बाहेर बाकावर बसते.